आधी उत्तर, मग सुई

तुला दीड पानापुढे काही वाचवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही हे तुलाच लिहिते आहे. तुझ्याबद्दल 'ती' म्हणून लिहायला बसले, तर पहिल्याच परिच्छेदात तू देवमाणूस झालीस. कागद फाडला. देवमाणूस तू नव्हेस. समोर बसवून लिहिलेलं बरं. काही वाढवून लिहायला गेले तर तुझा तो आठ्या घातलेला चेहरा डोळ्यांपुढे येईल आणि हात थांबेल.

आपल्या घरातल्या बायकांबद्दल लिहून ठेवायचं मी ठरवलं आहे. माझ्या आईचं झालं, वहिनीचं म्हणजे तुझ्या सासूचं झालं, आता तुझी पाळी. तू चिडशील. चीड.

वाचणाऱ्यांना आधी दुकान दाखवते. पुढे काउंटर, त्यामागे दार, दारापलीकडे ड्रायक्लीनिंगचं यंत्र, पार टोकाला वाफेच्या इस्त्रीचं टेबल आणि खिडकीखाली तुझं टेबल. त्यावर पांढरा दिवा, औषधांच्या बाटल्या, मऊ ब्रश आणि डाग उकरायची हाडाची चपटी पट्टी. दुकान माझ्या भावाचं, तो गेल्यावर भाच्याचं, आणि तू आल्यावर तुझं. कागदावर कुणाचंही असो. मी भाच्याची आत्या, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहते, तुम्ही माझ्या वरच्या मजल्यावर, आणि दिवसातला निम्मा वेळ काउंटरच्या बाजूच्या स्टुलावर पेपर वाचत बसते. नोकरी सगळी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं, आम्ही सांगायचो पिण्याजोगं आहे की नाही. लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही असं नाही. गरज वाटली नाही.

तू आलीस ती गिऱ्हाईक म्हणून. एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायचीस. खुनाच्या नाटकातला मखमली झगा आणलास आणि भाच्यानं तो यंत्रात टाकायला उचलला, तर त्याच्या हातून ओढून घेतलास. "मखमल आहे ती, गोधडी नाही." भाचा म्हणाला, मग तुम्हीच करा. तू आत शिरलीस, टेबलाशी बसलीस, बाटल्या हुंगून बाजूला लावल्यास आणि तासाभरात झगा हँगरला लावून म्हणालीस, "मजुरी अर्धीच देईन, काम मी केलंय." पुढचं वर्षभर ती कंपनी आमच्याकडून जरा जास्तच कपडे धुऊन घेत होती. लग्न झालं तेव्हा तू छत्तिशीची होतीस. वहिनी मला म्हणाली, "बरं झालं, शिकवायला लागणार नाही."

तुला पाठीमागे सगळे 'इस्त्री' म्हणतात. गरम आणि जड, अंगावरून फिरली की समोरचा सपाट. हे नाव साहेबानं ठेवलं होतं, म्हणून तू कधी मनावर घेतलं नाहीस.

साहेब म्हणजे वहिनीचा धाकटा, तुझा दीर. डाउन सिंड्रोमचा. काउंटरवर येईल त्याला तो "बोला साहेब" म्हणायचा, बाईला सुद्धा, म्हणून तो साहेब. रुमालांच्या घड्या त्याच्याकडे आणि पावत्या तपासायचं काम त्याच्याकडे. लोक त्याला देवाघरचं फूल वगैरे म्हणायचे. फूल पावतीशिवाय कुणाला कपडा देत नसे. एकदा आमच्या डॉक्टरांना त्यांचाच सूट दिला नाही. वहिनीला हातातलं काम टाकून यावं लागलं. दिवे गेले की मात्र किंचाळायचा, मनासारखं झालं नाही की हँगर फेकायचा, आणि रस्त्यात बसला की बसला, मग उचलूनच आणावा लागे. उचलून आणणारा होता त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तुझा नवरा. शाळेच्या फाटकाशी थांबायचं त्यानं, चिडवणाऱ्या पोरांशी मारामाऱ्या त्यानं करायच्या, सहलीला जायचं नाही, दुसऱ्या गावची नोकरी घ्यायची नाही. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. न सांगता गळ्यात पडलेलं काम सगळ्यांत जड असतं, एवढं माझं मत. तुझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी साहेब हृदयानं गेला. तेहेतीस वर्षांचा होता. गल्लीतली निम्मी दुकानं त्या दिवशी बंद होती.

आता तुझी ती पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

डाग पडलेला कपडा घेण्याआधी तू गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायचीस. "समजा नाही निघाला, तर वापराल का?" जो "वापरीन" म्हणेल त्याचा कपडा सौम्य धुऊन द्यायचीस, राहिला डाग तर राहिला. "नाही, मग टाकूनच देईन" म्हणणाऱ्याच्या कपड्यावर जहाल औषध घालायचीस, कारण कापड विरलं तरी भांडण नाही. आणि जो "आधी करून तर बघा, मग ठरवू" म्हणेल त्याचा कपडा काउंटरवरूनच परत. "विचार करून या." एक वकील हटून बसले होते.

"अहो बाई, निकाल लागल्याशिवाय मी कसं सांगू?"

"निकाल लागल्यावर सगळेच सांगतात. मग म्हणतात, हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

वकील कोट काखेत मारून गेले आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन परत आले. गावात तुझ्याइतकं डागातलं कळणारी माणसं असतीलही. गिऱ्हाईक परत पाठवायची हिंमत असलेली मी दुसरी पाहिली नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी तुला दिवस राहिले. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर तू महिनाभर काउंटरवर कुणाशी बोलली नव्हतीस, नुसत्या पावत्या फाडून देत होतीस. त्यामुळे या खेपेला घरात कुणी पेढे... जाऊ दे, कुणी काही बोललंच नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधांच्या वासात बसायला मनाई केली, म्हणून तू टेबल सोडून पुढे काउंटरवर आलीस. बाटल्यांना कुणी हात लावायचा नाही अशी तंबी मागे सोडून.

मग रक्ताच्या चाचणीचा आकडा आला. पन्नासात एक. म्हणजे पन्नास बायकांत एकीच्या पोटातलं मूल साहेबासारखं असण्याची शक्यता. नक्की कळायला हवं असेल तर पोटात सुई घालून गर्भजल काढायचं आणि तपासायचं. त्या चाचणीचं नाव काढलं की लोकांना आधी मुलगा की मुलगी सुचतं. आमच्या घरात तो किडा नाही. इथे प्रश्न निराळा होता. दोन-तीनशेत एखादीचा गर्भ त्या सुईपायी जातो, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. एक गमावलेल्या बाईला दोन-तीनशे हा आकडा मोठा वाटत नाही. तुला तर त्यातला तो 'एक'च दिसत होता.

मी म्हटलं, "करून टाक. कळलेलं बरं असतं. शेवटी पाणीच तर तपासायचं आहे."

"आत्या, नळाला सुई टोचावी लागत नाही."

"तरी पण."

"आणि पाणी खराब निघालं की काय करायचात तुम्ही?"

"नळ बंद."

तू पावत्यांकडे वळलीस. मी पेपर उघडला.

वहिनीला यातलं काही सांगायचं नाही, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. चाचणीची गोष्ट काढणं म्हणजे साहेबावर बोट ठेवणं, असं तुम्हाला वाटलं. आता ज्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौघंही एकाच दुकानात, तिथे गुपित बोलायचं कुठे? तुम्ही यंत्राचा आधार घेतलात. यंत्राची घरघर सुरू झाली की टोकाला इस्त्री करणाऱ्या वहिनीला शेजारी हाक मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून भाचा कपडे आत टाकायचा, बटण दाबायचा आणि दारात येऊन उभा राहायचा. तू दाराच्या अलीकडे काउंटरशी, तो पलीकडे, आणि दोघंही घरघरीच्या वर आवाज काढून बोलायचात. यंत्र थांबायच्या बेताला आलं की त्याला सवयीनं कळायचं, तो गप्प व्हायचा. पुढचा गठ्ठा, पुढचं भांडण. मी स्टुलावर होते, पण मला तुम्ही कधी मोजलंच नाही.

त्या दिवशी पडदे दोनच होते, कुणाला तरी घाईनं हवे होते. तूच म्हणालीस, छोटा फेरा लाव. त्यानं लावला आणि दारात येऊन नेहमीच्या हिशेबानं बोलायला लागला. बोलता बोलता चढला. तू म्हणत होतीस, तसं निघालं तरी मी ठेवणार, मग सुई कशाला घालून घेऊ? तो ओरडला, "तुझं ठीक आहे, तुला कुठे माहीत आहे! मला झेपणार नाही..."

इथे यंत्र थांबलं.

"...आणखी एक साहेब मला झेपणार नाही!"

एवढं वाक्य दुकानभर स्वच्छ ऐकू आलं. काउंटरवर एक गिऱ्हाईक कोट घेऊन उभं होतं, तेही कोटाच्या बटणाकडे बघायला लागलं. वहिनीनं हातातल्या बाहीची इस्त्री पुरी केली. कोट हँगरला अडकवला, खांदे सारखे केले. मग म्हणाली, "पडदे काढ बाहेर. चुरगळतील."

भाच्यानं पडदे काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाचा माल पोचवायला गेलेला असताना, वहिनी पुढे आली आणि तुझ्यासमोर उभी राहिली. तू घाईघाईनं म्हणालीस, "आई, तो तसं म्हणाला नाही हो, त्याला म्हणायचं होतं की..."

"तसंच म्हणाला. खरं तेच म्हणाला. मला झेपलं, असं कुणी सांगितलं तुला?"

तू पावत्या बाजूला सारल्यास. तुला गप्प बसवणारं माणूस घरात एकच.

"आणि माझ्यापासून लपवता कशाला? मी त्याची आई होते, पुतळा नव्हे. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. आणि आता कुणी विचारायचंही नाही, सांगून ठेवते. पण एक ऐक. त्याच्या हृदयात दोष आहे हे आम्हाला कळलं तो सात वर्षांचा झाल्यावर. तोवर रस्त्यात बसला की मी त्याला मारायचे. आळशी आहे, सोंग करतो म्हणून. धाप लागायची गं त्याला. आधी कळलं असतं तर मारलं नसतं."

बोलली आणि आत गेली. इस्त्रीचा फुस्स आवाज सुरू झाला.

तू तो मुद्दा धरून डॉक्टरीणबाईंकडे गेलीस. त्या म्हणाल्या, हृदय सोनोग्राफीतही बरंचसं दिसतं, त्यासाठी सुईच हवी असं नाही. पण मूल तसं आहे की नाही, हे मात्र नक्की गर्भजलच सांगेल. तारीख देऊन टाकू का? तू तारीख घेतलीस. घरी येऊन नवऱ्याला म्हणालीस, "चाचणी करते. पण आधी तू सांग. तसं निघालं तर काय करायचं?"

"आधी रिपोर्ट तर येऊ दे. मग ठरवू."

"विचार करून ये."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की तू हसत नाहीयेस. तू फोन उचललास आणि त्याच्यासमोर तारीख रद्द केलीस.

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक परवडलं. ते निदान पावती घेऊन येतं."

"आणि डागाशी तुलना करतेस पोराची? शोभतं तुला?"

"डाग तू म्हणालास. मी डाग हा शब्द काढलेला नाही, आणि या घरात पोराबाबतीत कुणी काढायचाही नाही. मी फक्त विचारलं, तसं असलं तर ठेवणार का. माझं उत्तर मी दिलंय. तुझं आल्याशिवाय सुई नाही. रिपोर्ट हातात घेऊन तू माझ्याकडे बघत उभा राहशील आणि मग तुझं तोंड बघून मला कळेल, हे मला नकोय."

यात एक गोम होती. या चाचणीला अमुक आठवड्यांपासून अमुक आठवड्यांपर्यंतच अर्थ असतो, आणि भाचा विचार करायला बसला की बसला. त्याचा धाकटा भाऊ रस्त्यात बसायचा, हा घरात. रोज खाली मान घालून यंत्र भरायचा. वहिनीशी त्याचं बोलणं पडदे आणि कोट एवढ्यावर आलं. माझा धीर सुटला. मी त्याला जिन्यात गाठून म्हटलं, "अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण, ती बाई काही तुझी वाट बघत पोट थांबवून ठेवू शकत नाही." तो म्हणाला, "आत्या, तुम्हाला सोपं आहे." मला सोपं होतंच, म्हणून तर सांगत होते.

शेवटी एका सकाळी तो दुकान उघडायच्या वेळी माल घेऊन रस्त्याच्या बाजूनं आत आला. तू काउंटरवर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होतीस. गठ्ठा खाली न ठेवताच बोलला.

"ठेवू. काय असेल ते ठेवू."

तू टाचणीचं यंत्र खाली ठेवलंस.

"पण तसं निघालं तर दुकान विकायचं. आईनं त्याला या काउंटरखाली वाढवला. एका हातात इस्त्री, एका हातात तो. मी ते बघत मोठा झालो, पुन्हा बघणार नाही. एक काहीतरी. दोन्ही मला जमणार नाही."

"आणि माझं टेबल?"

"टेबलही."

तू मागे वळून खिडकीकडे बघितलंस. दिवा बंद होता, बाटल्यांवर धूळ बसली होती, कारण तूच कुणाला हात लावू दिला नव्हतास. तीन-चार वर्षांत कमावलेलं नाव होतं ते. लांबून लांबून लोक कपडे घेऊन यायचे, ते यंत्रासाठी नव्हे. मला विचारशील तर सौदा तुझ्याच अंगावर येत होता आणि मी तुझ्या जागी असते तर घासाघीस केली असती.

"बरं," तू म्हणालीस, आणि हॉस्पिटलला फोन लावलास.

मी वर जाता जाता तुला विचारलं, "दोन्हीकडून ठेवणारच आहात, तर मग ती सुई कशाला? धोका कशाला घेतेस?"

"आत्या, पन्नासात एक म्हणजे तो माणूस पाच महिने रोज माझ्या पोटाकडे बघून घाबरणार. उगाच. आणि खरंच तसं असेल तर दुकान विकायला वेळ नको? बाळंतपणाच्या कळा देत लोकांचे कोट परत करत बसू?"

तू हे नेहमीच्या आवाजात बोललीस. पण बोलताना एक चिठ्ठी चुकीच्या कोटाला टाचलीस, तेही मी पाहिलं.

हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर भिंतीला खिळवलेल्या खुर्च्या आणि पट्टी चिकटवलेला वजनकाटा. बोलावणं येईपर्यंत तू माझं मनगट धरून बसलीस. घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. संमतीचा कागद पुढे आला आणि तुझ्यात जीव आला. तू तो मोठ्यांदा वाचायला लागलीस.

"बाई, सही करा ना," नर्स म्हणाली, "सगळ्या करतात."

"सगळ्या वाचतात का?"

"तुमच्यासारखी एखादी."

"'मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.' कुणी सांगितले? कधी?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितले असतील की."

"असतील म्हणजे? आमच्याकडे पण असंच छापलेलं आहे, 'मालकाच्या जबाबदारीवर'. मी वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाही."

डॉक्टरीणबाईंना बाहेर यावं लागलं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, तू सही केलीस. मागे रांगेतल्या बायका आधी वैतागल्या आणि मग आपापले कागद उलटून बघायला लागल्या. भाचा आत आला आणि सुई बघूनच पांढरा पडला. नर्स म्हणाली, "यांना बाहेर बसवा, आम्हाला इथे एकच पेशंट पुरे." म्हणून मी आत राहिले.

तपकिरी औषधानं पोट पुसलं, पडद्यावर मूल दिसत होतं, एक हात वर करून पडलेलं. सुई बारीक आणि लांब. ती आत जाताना तू श्वास रोखलास. मूल हललं, सुईपासून लांब. नळी फिकट पिवळ्या पाण्यानं भरत गेली. नमुना चांगला होता. गढूळ नव्हता, रक्त नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं." सगळ्याला एक चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

नंतर पडून राहायच्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवर एक मुलगी होती. पंचविशीची असेल. एकटीच आलेली. तिची चाचणी तुझ्या आधी झाली होती आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तू मान वळवून तिच्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "जॅकेटला औषध लागलंय तुमच्या."

तिनं वळून बघितलं. राखाडी लोकरीचं जॅकेट होतं, खालच्या काठाला तपकिरी ओघळ.

"जाऊ दे," ती म्हणाली.

"जाऊ दे काय? घरी जाऊन साबण चोळाल आणि कायमचं बसवाल. काढा, इकडे द्या. माझा धंदाच आहे."

"बाहेर थंडी आहे हो. घालू काय?"

"माझं घाला."

असं म्हणून तू पडल्या पडल्या तुझं निळं जॅकेट मला खुंटीवरून काढायला लावलंस. तिनं ते घातलं. खांद्यांत सैल होत होतं. तिला हसू आलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. तू तिला तो तुझा प्रश्न विचारला नाहीस. मी वाट बघत होते, पण नाही विचारलास.

तीच म्हणाली, "माझा आकडा सातात एक आहे."

"बरोबर कुणी आलं नाही?"

"येणार होता."

रिपोर्टची तारीख दोघींची एकच निघाली. तेव्हा जॅकेटं बदलू, असं ठरलं.

पुढचे दोन आठवडे तू जिन्यावरून पाय मोजून टाकल्यासारखी चाललीस. काही झालं नाही. तिच्या जॅकेटाचा डाग तू स्वतः काढलास, खिडकी उघडून, तोंडाला फडकं बांधून. वहिनी मागे उभी राहून बडबडत होती तरी. आयोडीनचा डाग सोपा असतो म्हणालीस.

रिपोर्ट घ्यायला जायच्या आदल्या सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला. तू घेतलास. ऐकलंस, "बरं, बरं" म्हणालीस, ठेवलास. भाचा दारात होता, यंत्र बंद होतं.

"नाहीये," तू म्हणालीस. "सगळं नीट आहे."

तो होता तिथेच हँगरच्या ढिगाशेजारी खाली बसला. वहिनीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्या दिवशी पुन्हा चालू केलं नाही. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाली, "ऊठ, गिऱ्हाईक येईल." यंत्र थांबताना ऐकू आलेलं ते वाक्य घरात पुढे कुणी काढलं नाही, आईनं नाही आणि लेकानंही नाही. दुकान विकलं नाही. मुलगी वेळेवर झाली, तुझ्याच आवाजाची. पाच महिन्यांची झाल्यावर तू पुन्हा टेबलाशी बसलीस. मुलगी मात्र काउंटरखाली ठेवली नाहीस. वर माझ्याकडे असायची. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्टचा कागद घ्यायला आपण दोघी गेलो तेव्हा ते राखाडी जॅकेट धुऊन, दाबून, पिशवीत घालून तू बरोबर घेतलं होतंस. ती नव्हती. आपण खुर्च्यांवर बसून राहिलो. कागद हातात आला, तरी बसलो. तू खिडकीशी जाऊन विचारलंस, नर्स म्हणाली, दुसऱ्या पेशंटचं काही सांगता येत नाही. तू म्हणालीस, सांगू नका, फक्त पिशवी ठेवून घ्या. तेवढ्यात भाचा गाडी घेऊन आला, खाली हॉर्न वाजवायला लागला, आणि आपण पिशवीसकट निघालो.

मग तू मला म्हणालीस, "आत्या, गुडघ्यासाठी दर महिन्याला तिथे जाताच तुम्ही. तिसऱ्या मजल्यावर पिशवी देऊन या. आणि जमलं तर विचारा, कशी आहे ती."

मी हो म्हटलं. पिशवी माझ्या दाराशेजारच्या खुंटीला लावलीस. पुढच्या महिन्यात मी गुडघा दाखवून आले, त्याच्या पुढच्याही महिन्यात. गुडघ्याचा विभाग तळमजल्यावर, तिसऱ्यावर मी गेलेच नाही. तूही तपासणीला जात होतीस, तिसऱ्याच मजल्यावर, आणि जाताना माझ्या दारावरून जायचीस. पिशवी दिसायची तुला. एकदा तू थांबलीस, खुंटीवर ती जरा सरळ केलीस आणि खाली गेलीस. दिलीत का, असं तू मला कधी विचारलं नाहीस.